सावकाश जेवणारे

मालवणात हरिश्चंद्रभाऊंना ओळखत नाही असा माणूस विरळा, आणि ओळखतात ते माशांमुळे. आता गंमत बघा, ज्या गावात मासा म्हटला की लोकांना आधी ताटातलं झणझणीत तिखलं आठवतं, तिथे हा निवृत्त मास्तर ओटीवर काचेच्या टाकीत मासे पाळून बसलेला! टाकीत सगळ्या जाती एकत्र. झेब्रे चपळ आणि हावरट, गुरामी म्हणजे हळूबाई, आणि तळाशी चरणाऱ्या मिशीवाल्यांपर्यंत तर वरचा दाणा पोचायचाच नाही. भाऊंचा जीव अडकलेला तो या मागे राहणाऱ्यांत.

दुपारी जेवून हात धुतला की भाऊ थेट टाकीपाशी. एका टोकाला तरंगता चुरा टाकून आधी झेब्र्यांना गुंतवायचं. त्यांची झोंबाझोंबी चालू आहे तोवर दुसऱ्या टोकाला बुडणाऱ्या गोळ्या सोडायच्या, त्या मिशीवाल्यांच्या. गुरामीला तर चिमट्यात अळी धरून, अगदी तोंडाशी. मग स्टुलावर बसून एकेकाचं पोट बघायचं. कुणाचं खपाटीला गेलेलं दिसलं तर भाऊंना चैन पडायचं नाही. "सगळ्यांका एकदम घातला म्हणजे सगळे जेवले, असा नसता," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

आणि त्याच वेळी, त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघरात, सरलावहिनी एकट्या जेवायला बसलेल्या असायच्या. घरची रीतच तशी. भाकरी तव्यावरून थेट नवऱ्याच्या ताटात, बाई मागाहून. मुलगा-सून पुण्याला, घरात दोनच माणसं, सोबत बसायला कुणाची बंदी होती? पण नाही! "तुमी जेवा, माझा मागसून," वहिनी म्हणायच्या, आणि भाऊ जेवायचे.

यंदा चवथीला आलेली धाकटी बहीण आनंदी म्हणाली, "भाऊ, वयनी खूप सुकली रे!"

भाऊ हसले. "तिचा आंगच तसा."

अहो, डोळे होते की काय होतं! वहिनींनी सगळ्या पोलक्यांना आतून टीप मारून घेतली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. भाऊंना दिसायचं ते गुरामीचं पोट.

दसऱ्याच्या सुमारास पाणीही उलटून पडायला लागलं, तेव्हा कुठे कणकवलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घास कधीपासून अडकतोय?"

"आठेक दिवस झाले असतील," भाऊ म्हणाले.

"शिमग्यापासून," वहिनी खाली बघत म्हणाल्या. "आधी भाकरी अडकायची, मग भात. आता पेजसुद्धा."

"आणि ताटातली भाकरी?" भाऊंनी विचारलं.

"शेजाऱ्यांच्या गायीक."

तपासण्या झाल्या. अन्ननलिकेचा कॅन्सर, आणि पसरलेला. फार उशिरा आणलंत, डॉक्टर म्हणाले.

परतीच्या गाडीत भाऊ कसेबसे बोलले, "माका सांगलंस कित्याक नाय गो?"

"सांगूचा होता. पण जेवतानाच अडकायचा, आणि तेव्हा तुमी माशांकडे आसायचास."

रागाने नव्हत्या बोलल्या. राग असता तर भाऊंना सोसला असता.

घरी आल्यावर भाऊंनी स्वतः पेज केली, निववली. वहिनी सवयीने भिंतीकडे तोंड करून बसल्या. भाऊंनी आपला पाट उचलून त्यांच्यासमोर मांडला. पहिला चमचा कसाबसा उतरला. दुसऱ्याला मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि पेज ओठांवरून परत आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, सरला जेवते कशी हे भाऊ पहिल्यांदाच बघत होते.

"असे बघत रवू नकात," तोंड पुसत त्या म्हणाल्या. "माका लाज वाटता."

भाऊंना हुंदका आवरेना. तसाच त्यांनी चमचा पुन्हा भरला. "सावकाश घे गो. माका खंय जावचा नाय."

वहिनींनी तोंड उघडलं, ते केवळ त्यांचं मन राखायला. गिळता काही आलं नाही.