बांगड्याच्या दोन तुकड्या

आमच्या देवरूखच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती वजन उतरवतेय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, उपाशी राहायचं नाही, रोज अंडं नाहीतर मासा हवाच. त्यांनी दिलेला आहाराचा कागद ती डब्याच्या पिशवीत जपते. डब्यात मात्र अर्धी भाकरी आणि बांगड्याचं नुसतं कालवण. तुकड्या घरच्या पुरुषांना. "कालवणात उतरतो गो सगळा कस," म्हणते आणि कागदावर माशापुढे खूण करते!

काल जिन्यात तिला भोवळ आली. माझं डोकंच फिरलं. माझ्या डब्यातल्या दोन्ही तुकड्या तिला वाढल्या. "माझ्यासमोर खा!"

तिने त्या आपल्या डब्यात घालून झाकण लावलं. "हे आलेत ना मुंबईहून."

संध्याकाळी सगळ्या बायका तिला म्हणत होत्या, "किती छान बारीक झालीस गो!" आणि ती लाजत होती.