चुण्या पडलेलं तळं

आमचे काका टेलर. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या कपड्यावर कुणाला एक चुणी सापडली नसेल. गिऱ्हाइकाला दिलेला वार त्यांनी कधी चुकवला नाही, घरातल्या कामांना मात्र कायम 'उद्या'. उशीचा अभ्रा उसवला तर काकू तो शेजारणीकडून शिवून आणायची.

त्या काकूचं खुब्याचं हाड मोडलं. महिनाभर दवाखान्यात पडून राहिल्यावर ती म्हणाली, "घरी येऊन काय भिंतीकडे बघत बसू? मी आपली धाकटीकडे जाते." धाकटी म्हणजे तिची बहीण. तिने लगेच खोलीसुद्धा रिकामी केली. तेव्हा काकांचा चेहरा एवढासा झाला, आणि काकूकडे लक्ष दिलं नाही म्हणून मला त्यांचा जो राग आला होता तो निम्मा उतरला.

"शनिवारी आधी घरी ये," काका म्हणाले. "खिडकीखाली तळं असेल. मासे असतील. नाही आवडलं तर जा."

काकूने माझ्याकडे पाहिलं. काकांचे शनिवार तिला चांगले ठाऊक होते.

मी चार दिवस रजा टाकली. आम्ही दोघांनी मिळून आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा खणला. खडे टोचू नयेत म्हणून तळाशी काकांच्या दुकानातली पोतंभर कतरण अंथरली. जाड काळं प्लास्टिक विकणारा दुकानदार सांगत होता, "अख्खा तुकडा घ्या. लांबी-रुंदीत दोनदा खोली मिळवा, कडेला हातभर जास्त सोडा आणि ढिलं अंथरा." 'ढिलं' हा शब्द काकांना शिवीसारखा लागला. त्यांनी स्वस्तातले पाच तुकडे उचलले, टेप काढून खड्ड्याचं छाती-कंबर-घेर असं रीतसर माप घेतलं, आणि दोऱ्याला मेण लावून दुहेरी शिलाई मारली. खड्ड्याला ते असं चपखल बसलं की मीसुद्धा वाहवा केली.

संध्याकाळी पाणी भरलं. सकाळी तळाशी बोटभर उरलं होतं.

"काका, सुईने भोकं पडतात," मी म्हणाले. एवढी साधी गोष्ट चाळीस वर्षं सुई चालवणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. आदल्या दिवशी माझ्या तरी कुठे आली होती?

गुरुवारी अख्खा तुकडा आला. पाणी चढू लागलं तशा त्यावर चुण्या पडू लागल्या, आणि काकांना राहवेना. ते कड धरून ओढायला लागले. कोपऱ्यातलं प्लास्टिक ताणून पांढरं पडलं.

"सोडा," मी ओरडले. "फाटेल."

त्यांनी कड सोडली, पण जिवावर आल्यासारखी. मग विजार वर खोचून ते पाण्यात उतरले आणि एकेक चुणी अंगठ्याने एका बाजूला वळवत बसले. तरी कोपऱ्यात दोन मोठ्या राहिल्याच. शुक्रवारी दिवसभर ते टेप बुडवून पाणी मोजत होते. पाणी तसूभरही उतरलं नाही. संध्याकाळी आम्ही चार लाल मासे सोडले.

शनिवारी धाकटीने गाडी फाटकाशी उभी केली. काकूची बॅग मागच्या सीटवर होती. काकू वॉकर टेकत खिडकीशी आली. काका तिच्यामागे ताठ उभे, जणू पहिल्यांदाच कुणाला ट्रायल देत होते.

तिने बराच वेळ खाली पाहिलं. "कोपऱ्यात चुण्या पडल्यात," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "राहू दिल्यात. काढायला गेलो असतो तर पाणी गेलं असतं, आणि तूही."

आजवर ते तिच्याशी असं बोलल्याचं मला आठवत नाही. काकूलाही आठवत नसावं, कारण तिने डोळ्यांना पदर लावला. फाटकाशी धाकटीने हॉर्न वाजवला.

"तिला सांग, तू निघ म्हणावं," काकू मला म्हणाली. "आणि येताना माझी बॅग घेऊन ये."