काठाचं प्यादं

अकरा वर्षं मी सासऱ्यांना बुद्धिबळात हरवत होतो. घनसावंगीला सासुरवाडीला गेलो की जेवणाआधी ओसरीवर पट मांडला जायचा. मामा, म्हणजे सासरे, पहिली चाल कायम काठाच्या प्याद्याची करायचे, तीही एकच घर. मला हसू यायचं. म्हाताऱ्याला डाव सुरूच करता येत नाही, असं मी आमच्या मंठ्याला मित्रांत खुशाल सांगत फिरायचो.

गेल्या वर्षी जालन्याच्या खुल्या स्पर्धेत मीच त्यांचं नाव घातलं. म्हटलं, जरा जग बघतील. माझं शहाणपण बघा! शेवटच्या फेरीची यादी भिंतीवर लागली, तर माझ्यासमोर मामाच.

पांढरी मोहरी त्यांची. राजापुढचं प्यादं त्यांनी दोन घरं सारलं. मग घोडा, मग उंट, मग किल्लेकोट. खटाखट, मान वर न करता. माझ्या कानशिलावरून घाम निघाला. अरे देवा, हा माणूस अकरा वर्षं मला जिंकू देत होता! राग आला, आणि त्याहून जास्त लाज. मारलेली एकेक फुशारकी आठवायला लागली. आज हरलो, तर मला खेळता येतं म्हणायला तोंडच उरणार नव्हतं.

मग मात्र दातओठ खाऊन खेळलो. माझं एक प्यादं जास्तीचं गेलं, बाकी मोहरी दोन्हीकडची कटत गेली. शेवटी पटावर दोन राजे आणि मामांचं एकच प्यादं उरलं. काठाचंच! माझा राजा त्याच्या वाटेवर कोपरा धरून बसला. मामांनी परोपरीनं ढकलून पाहिलं. शेवटी माझ्या राजाला शह नाही आणि जायला घरही नाही. डाव बरोबरीत.

बाहेर चहा घेताना मी विचारलंच, "मामा, घरी का हरत होता?"

"जावयाला हरवून जेवायला बसवायचं? घास उतरंल का त्याच्या गळ्याखाली?"

"आणि आज?"

"आज लय जोर लावला, जावईबापू. पण तुम्ही कोपरा सोडलाच न्हाई."

मला इतका आनंद झाला की मी आणखी दोन चहा सांगितले. घरी बायकोला सांगितलं, तर ती हसत सुटली. "घरात सगळ्यांना ठाऊक होतं," म्हणाली, "तुम्हालाच तेवढं न्हवतं."

दिवाळीला गेलो, तेव्हा पट मांडताना मामांनी हळूच विचारलं, "कसं खेळू?"

"जालन्यासारखं."

एकविसाव्या चालीला मला मात झाली. सासूबाई दारातून काळजीनं बघत होत्या. मी हात धुतले, ताटावर बसलो आणि एक भाकर जास्तच मागून घेतली.