तिसऱ्या वर्षाचा रुबार्ब

आसिफचा फोन आला तेव्हा मी परसात शेणखत पसरत होते. हात पदराला पुसून फोन घेतला. "सुमनमावशी, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला. आसिफ म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, रशिदाचा एकुलता एक मुलगा. इंग्लंडमध्येच जन्मला, तिथंच वाढला. अशा वेळी बोलायचं ते मी त्याच्याशी बोलले, फोन ठेवला आणि राहिलेलं खत पसरून टाकलं. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता... आणि आज तिला जाऊन काही आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं अशी रीत आहे. चांगलं पुष्कळ आहे, तेही लिहिते. पण रशिदा मला न सांगता गेली होती, आणि ते मरणाच्या कितीतरी आधी.

आम्ही जुन्नरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवायचे. त्यांच्या घरात दिवसभर ठोकाठोक चाले, म्हणून रशिदा जरा मोठ्यानंच बोले, आणि ती सवय तिची शेवटपर्यंत गेली नाही. लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली आणि शिवणकामाच्या कारखान्यात लागली. मी पिंपरी पेंढारला सासरी आले, अंगणवाडीत नोकरी केली. अधूनमधून ती यायची, भेट व्हायची, पुन्हा जायची. मग तिचा नवरा वारला, आणि काही वर्षांनी ती जुन्नरच्या वडिलांच्या घरी कायमची परत आली. कायमची, हा तिचाच शब्द. "आता मी कुटं जात न्हाई, सुमे. लई फिरले." इतकी वर्षं परदेशात काढून तिचं मराठी शाळा सोडली तेव्हाचंच राहिलं होतं. माझेही यजमान गेलेले, मुलं चाकणला. ती परत आली तेव्हा मला किती आधार वाटला, ते मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. ते तिला कळत असेल, असं मी धरून चालले.

येताना तिनं रुबार्बचं, तिकडच्या एका आंबट भाजीचं, बी आणलं होतं. तिकडं तिच्या शेजारणीच्या बागेत तो होता, आणि नव्यानं गेलेल्या रशिदाला त्या बाईनं पहिल्यांदा जे काही प्रेमानं खाऊ घातलं ते रुबार्बचं होतं. तिच्या जुन्नरच्या घरामागं सगळी फरशी, म्हणून आम्ही तो माझ्या परसात लावायचं ठरवलं. दिवाळीच्या सुमाराला बी रात्रभर भिजत घातलं, रंगाच्या रिकाम्या डब्यांत रोपं केली आणि चिकूच्या झाडाशेजारी, जिथं सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळते, तिथं ती हलवली. पान हाताएवढं झालं तेव्हा शेजारची हौसाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "आगं, ह्यो चुका हाय का काय?" तसं तिचं फार चुकलं नव्हतं. रुबार्ब चुक्याच्याच गोतातला. पण चुक्याची आपण पानं खातो आणि याची पानं विषारी, खायचा तो नुसता देठ. हे कळल्यावर हौसाबाईनं शेळी दुसऱ्या बाजूला बांधायला सुरुवात केली.

पहिल्या पावसाळ्यात सगळी रोपं सडली. मी हळदीसारखी ती खोल लावली होती आणि पाणी बुडाशी साचलं. मला वाटलं, संपलं. रशिदा मात्र पुढच्या थंडीत उरलेलं बी घेऊन हजर. या वेळी आम्ही उंच गादीवाफा केला, खाली वाळू आणि विटांचे तुकडे घातले, भरपूर कुजलेलं शेणखत मिसळलं. "डोळा मातीच्या वर राह्यला पायजे," असं म्हणत ती प्रत्येक रोपापाशी बसून बोटानं माती बाजूला करायची. उन्हाळ्यात आम्ही वर हिरवी जाळी बांधली. तरी पानं सुकून खाली बसली, वाफा मोकळा दिसायला लागला. मी उकरून बघायला निघाले तर तिनं माझा हात धरला. "जित्तं हाय ते. झोपलंय. झोपू दे." पाऊस सरल्यावर खरंच मातीतून लालसर कोंब वर आले. आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या वाफ्यापाशी उभ्या राहून लहान पोरींसारख्या हसलो.

ती दर आठवड्याला एसटीनं यायची. एकदा फुलाचा दांडा आला तो तिनं लगेच मोडला, नाहीतर झाडाची ताकद त्यातच जाते म्हणाली. देठ जाड व्हायला लागले तसा मला मोह व्हायचा, पण ती तोडू द्यायची नाही. पहिलं वर्ष मुळांचं, दुसरंही मुळांचंच. तिसऱ्या वर्षी, थंडी पडली की दोघींनी मिळून काढायचे आणि गुळात शिजवायचे, असं ठरलं होतं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जाळी बांधताना तिनं मला बजावलं, "चांगला गूळ आणून ठिव. काळा नगं."

पावसाळ्यात तिच्या खेपा कमी झाल्या. गुडघे दुखतात म्हणायची. दिवाळी झाली, पहाटे गारवा जाणवायला लागला, तशी मीच एक दिवस तिला घेऊन यायला जुन्नरला गेले. दार उघडलं ते अनोळखी बाईनं. आत सामानाची खोकी पडलेली, भिंतींना नवा रंग. "त्या बाई गेल्या की परदेशी, पोराकडं. घर आमी घेतलं," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडं बघून तिनं मला पाणी दिलं. "तुमाला ठावं न्हाई? उनाळ्यापासनं चाललं व्हतं सगळं." म्हणजे जाळी बांधताना तिला ठाऊक होतं. गुळाचं सांगताना ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला ठाऊक होतं, समोरच्या शिंप्याला ठाऊक होतं... आणि मी परतीच्या एसटीत तिच्यासाठी सीट धरायचा विचार करत आले होते.

तिचा फोन आला तो थंडी निम्मी सरल्यावर. "सुमे, रागावलीस?"

"सांगितलं का न्हाईस?"

"आसिफ ऐकंना गं. म्हणला, एकटी राहू नको. मी काय करू?" मग म्हणाली, "पुढच्या थंडीत येते मी."

कुठं येणार होती, घर तर विकलं होतं. पण पोरापुढं आईचं काय चालतं, असं मी स्वतःला समजावलं. माझा सगळा राग मी आसिफवर ढकलला आणि तिला मोकळं केलं. त्या वर्षी देठ मी तोडले नाहीत. ते वाफ्यातच जून झाले. यंदाची थंडी आली, आणि तिच्याऐवजी तिच्या मरणाचा फोन आला.

आठवड्यानं आसिफनं पुन्हा फोन केला. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाळा, तिला इथंच राहू द्यायचं होतंस. मी होते ना." तो गोंधळला. "मावशी, मी तर तेच सांगत होतो. वहीं रहो, म्हणत होतो. अम्मीच रोज फोन करून रडायची, मला घेऊन जा. म्हणायची... इथं माझं कुणी न्हाई."

त्यानं ते शब्द तिच्याच सुरात म्हटले. खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी परसात गेले आणि हाताला येतील ते सगळे देठ काढले. कापायचे नसतात ते, बुडाशी धरून पिळून ओढायचे. पानं वेगळी करून खड्ड्यात पुरली, देठ चिरले, गूळ घालून शिजवले आणि एकटीनं बसून खाल्ले. चव वाईट असती तर बरं झालं असतं. कैरीसारखी आंबट, मागून किंचित वेगळीच, फार चांगली चव होती. माझ्या हातचं जेवून, माझ्या मातीत गुडघे टेकून, माझ्याशी हसून ती घरी जायची आणि पोराला सांगायची, इथं माझं कुणी नाही. मग त्या परसात मी कोण होते? हे विचारायला आता माणूसच उरलं नाही. त्याचाच राग जास्त येतो.

परवा आसिफनं निरोप दिला, अम्मीचं काही तुमच्याकडं राहिलंय का, मी येईन तेव्हा घेऊन जाईन. मी नाही म्हणून कळवलं. परसदाराच्या पायरीवर तिच्या रबरी चपला आहेत. आल्या आल्या ती घालायची त्या, टाचेकडं झिजलेल्या. माझ्या पायाला त्या होत नाहीत, दुसऱ्या कुणाला द्याव्यात अशाही नाहीत. रोज सकाळी पायरी झाडताना मी त्या बाजूला करते. टाकून द्यायच्या, असं ठरवूनच उचलते. खालची माती झाडते... आणि पुन्हा जागेवर ठेवते, तिच्या पायाला सोप्या पडतील अशा, परसाकडं तोंड करून.