उंबराच्या डहाळ्या आणि राखेचा बुधवार

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी कलेक्टर कचेरीत कारकून होतो. सुट्ट्यांची यादी टाइप करणं माझ्याकडे होतं. गुड फ्रायडेला सगळी कचेरी घरी झोप काढायची. ही सुट्टी कशाची, असा प्रश्न मला तरी पडायचा, तोही शेजारी मास्तर राहायचे म्हणून.

मास्तर कॅथलिक. गावात कॅथलिकांची चार-पाच घरं होती. चर्च नव्हतं, प्रार्थना मास्तरांच्या पुढच्या खोलीत व्हायची. फादर नांदेडहून एसटीने येत. गाडी लोह्याला बंद पडली की देवालाही ताटकळावं लागे.

मास्तरांचं वर्ष माझ्या यादीत मावायचं नाही. ईस्टर रविवारीच येतो, म्हणजे सरकारला फुकटात पडतो. सप्टेंबरात येशूच्या आईचा, मारियेचा जन्मदिवस. नोव्हेंबरात मृतांचा दिवस, त्या दिवशी ते रजा टाकून बायकोच्या कबरीवर मेणबत्ती लावून येत. नाताळाला आमच्याकडे करंज्यांचं ताट. कुठे मांडव नाही, भोंगा नाही, प्रमुख पाहुणे तर नाहीतच. मला हे सण आवडायचे, त्याचं निम्मं कारण हेच.

या वर्षाला सांधणारा एक दुवा होता. ईस्टरच्या आधीच्या रविवारी ही मंडळी हिरव्या झावळ्या हातात धरून प्रार्थना म्हणत. त्या झावळ्या वर्षभर भिंतीवरच्या क्रुसामागे खोचलेल्या राहत. पुढच्या वर्षी त्या जाळायच्या आणि तीच राख ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास सुरू होतो त्या बुधवारी कपाळाला लावायची. इथे हे मास्तरांच्या बायकोने सुरू केलं होतं. ती गेल्यावरही मास्तरांनी खंड पडू दिला नव्हता.

मग दुष्काळ आला. झावळ्या जिच्या यायच्या ती ओढ्याकाठची शिंदी केव्हाच वाळून गेली होती. त्या रविवारसाठी मास्तरांनी कुठूनतरी उंबराच्या डहाळ्या आणल्या. त्याच आठवड्यात दुष्काळाच्या पाहणीला मंत्री आले. कचेरीच्या फाटकावर हिरव्या पाल्याची कमान उभारली आणि ती शेळ्यांनी खाऊ नये म्हणून हवालदार काठी घेऊन दिवसभर उभा राहिला. भाषण चांगलं झालं म्हणतात.

त्या रविवारी संध्याकाळी समोरच्या अक्का मास्तरांच्या दारात आल्या. त्या किराणा दुकानदाराच्या घरच्या, लिंगायत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि तोंडाला लगाम नाही.

"मास्तर, त्यो पाला भिंतीला कशापायी टांगून राहिलात? भिंत खाती का?"

"अक्का, तो देवाचा आहे."

"मग माझी गाय कोनाची हाय? दोन दिस झाले, दावणीत काडी न्हाई."

मास्तर स्टुलावर चढले आणि सगळ्या डहाळ्या काढल्या. एक तरी ठेवा, असं मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. उरलेल्या घरांतल्याही त्यांनीच मागून आणल्या. गाय जगली.

पुढचे सगळे सण झाले. पण नाताळाच्या करंज्या देतानाही मास्तर म्हणाले, "आता बुधवारी काय लावायचं?" दुसरी कुठलीही राख त्यांना चालणार नव्हती. बायकोच्या हातचं एक काम आपल्या हातून मोडलं, हेच त्यांच्या मनात.

उपासाच्या बुधवारी पहाटेच फादर आले. मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. तेवढ्यात अक्का आत शिरल्या. हातात पितळी डबी.

"ही घ्या ईभूत. तुमच्याच पाल्याची हाय."

"अहो, पाला तर गायीने खाल्ला," मास्तर म्हणाले.

"खाल्ला तर काय पोटातच ऱ्हायला? त्याच टायमाच्या शेनाच्या गवऱ्या येगळ्या ठिवल्या हुत्या. त्या जाळल्या, आमची ईभूत अशीच बनती. तुमची जरा गायीतून फिरून आली, एवढंच."

खोलीत कुणी हसलं नाही. फादरांनी डबी उघडून पाहिली.

"गाय कशी आहे?"

"गाभन हाय."

फादरांनी प्रार्थना म्हणून राखेवर पाणी शिंपडलं आणि अंगठा बुडवला. मास्तर सगळ्यांच्या आधी पुढे झाले.

राखेच्या बुधवारला सुट्टी नसते. मास्तर तसेच शाळेत गेले. गंजाच्या बाजारपेठेतून जाताना निम्म्या दुकानदारांच्या कपाळांवर अक्कांसारखीच राख होती, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हाही त्यांनी ती पुसली नव्हती.