रहाटणी ते वासुली: तोंड मिटून केलेला प्रवास

गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी, म्हणून मुलगी बघायचा कार्यक्रमही गुरुवारीच ठरला. दादा बोलताना अडखळतो आणि त्याचं अडलेलं वाक्य मी लहानपणापासून पुरं करून टाकते. आधीची दोन स्थळं त्यामुळेच हातची गेली. "मुलगा स्वतः बोलतो ना?" असं विचारलं लोकांनी. या वेळी दादानं निघतानाच बजावलं, "ये, पण माझं म... मला बोलू दे."

माझ्या योगाच्या बाईंनी मला उपाय सांगितला होता. जीभ वळवळली की सावकाश श्वास घ्यायचा, सोडायचा आणि लक्ष समोरच्या माणसावरून हलू द्यायचं नाही. म्हटलं, बघूच!

दादाच्या मागे स्कूटरवर बसून नाशिक फाटा, भोसरी, मोशी. मोशीला वडापाव खाल्ला, वीस रुपयांत जीव तृप्त. तुम्ही जाणार असाल तर चाकणच्या चौकासाठी अर्धा तास जास्तीचा धरा, सुट्टीच्या दिवशीही कंटेनर हटत नाहीत. पण पुढे आत वळलो, कंपन्यांच्या भिंती संपल्या आणि कांद्याच्या शेतांमागे भामचंद्राचा डोंगर उभा! मी मागे बसल्या बसल्या ओरडलेच.

वासुलीत मुलीच्या, म्हणजे वैशालीच्या घरी पोहे आले. तिच्या वडिलांनी विचारलं, "पाव्हणं, कंपनीत कुठल्या खात्यात हाय तुमी?"

"प... प..."

'पेंट शॉप' माझ्या अगदी ओठांवर! श्वास घेतला. सोडला. परत घेतला. वैशाली दादाकडे शांतपणे बघत होती, तिला काही घाई नव्हती.

"पेंट शॉपला," दादा म्हणाला. मी सुटले म्हणेपर्यंत तो पुढे बोलला, "दिवसाला शेकडो ग... गाड्या रंगवतो, पण घराची भिंत पाच वर्षं त... तशीच आहे."

सगळे खो खो हसले. वैशालीचे वडील म्हणाले, "व्हय, आमचंबी तसंच हाय!"

माझा दादा विनोद करतो हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला विनोदापर्यंत पोचूच दिलं नव्हतं. आनंद झाला आणि लाजही वाटली, खरंच सांगते. नंतर ते दोघं अंगणात अर्धा तास बोलत बसले आणि मी पोह्यांची दुसरी बशी संपवली.

घरी आलो तर आईनं दारातच मला विचारलं, "काय गं, काय म्हणतो हा?"

मी श्वास घेतला आणि दादाकडे बघितलं. मग आईनंही बघितलं. आत दूध उतू गेल्याचा वास आला, तरी कुणी हललं नाही.

"आई, मला प... पसंत आहे. तिलाही. पुढच्या गुरुवारी बोलावलंय." दादा माझ्याकडे वळला. "ए... एकट्याला."