बोलण्याची पाळी

आणीबाणी उठली त्या वर्षी माझी बायको गेली. महिन्याभरात मी घर मार्गी लावलं. रेशनचा दिवस, दळणाचा दिवस, धोब्याकडचे कपडे, सगळं वहीत. रविवारच्या सकाळी मात्र कशातच बसेनात.

ओळखीचे एक विधुर गृहस्थ कापडाच्या दुकानात होते. त्यांच्या सांगण्यावरून मी गांधीबागेतल्या बागेत जाऊ लागलो. तिथे आम्ही चौघं जमायचो: ते कापडवाले, एक निवृत्त मास्तर, लकडगंजच्या आरागिरणीतले एक कामगार आणि मी. चौघांच्याही बायका गेलेल्या. बाईचा नवरा गेला की बायका येऊन तिच्याजवळ बसतात. आमच्याकडे लोक आले ते दुसरं स्थळ सुचवायला.

पहिले दोन रविवार वरणात हिंग कधी घालायचा यातच गेले. तिसऱ्या रविवारी मास्तर रडले आणि मग दीड तास एकटेच बोलले. म्हणून मी पाळ्या लावल्या. एका रविवारी एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, नंतर तर्री-पोहे. वहीत चार नावं आणि पुढे तारखा. व्यवस्था चांगली चालली, आणि मला तिचा अभिमानही होता.

आरागिरणीवाले तेवढे बोलत नसत. त्यांची पाळी आली की खाली बघत म्हणायचे, "पुढच्याले द्या." दोनदा असं झालं. दोन्ही तारखांवर मी रेघ मारली.

एका रविवारी ते आमच्या आधीच येऊन बसले होते. दाढी वाढलेली, शर्टावर लाकडाचा भुसा. रविवारी गिरणी बंद असते, म्हणजे कपडे आदल्या दिवसाचेच होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्या दिवशी पाळी मास्तरांची होती.

"आज मी बोलू का?" आरागिरणीवाल्यांनी विचारलं.

मी वही उघडून पाहिली. "तुमचा नंबर पुढच्या रविवारी आहे."

"दोन खेपा पळाला, अन् आज घाई काहून गा?" कापडवाले म्हणाले.

आम्ही हसलो. तेही हसले. "राहू द्या. आठ दिवसानं बोलतो," म्हणाले. मग मास्तर बोलले. आरागिरणीवाल्यांनी पोह्यांची आपली प्लेट न खाताच माझ्याकडे सरकवली.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. लग्न झालेली मुलगी सासरहून आली होती, तिनं दार उघडलं. बुधवारी कामावर म्हणून निघाले ते गिरणीत पोचलेच नव्हते. स्टेशन, दवाखाने, नातेवाईक, सगळीकडे पाहून झालं होतं.

"बाबा रविवारी तुमच्यापाशी बोलाले जात होते," ती म्हणाली. "आई गेल्यापासून घरात तिचं नाव नाही काढलं त्याईनं. तुमच्यापाशी काय बोलत होते, काका?"

मास्तर म्हणाले, "तुझ्या आईचीच आठवण काढायचे." ती पुढचं ऐकायला थांबली. तिच्या आईचं नावसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं.

वही माझ्या खिशात होती. त्यांच्या नावापुढे तीन तारखा, पहिल्या दोन्हींवर रेघ. तिसरी त्याच दिवसाची.

ते सापडले नाहीत. आम्ही तिघं अजून जमतो. पाळ्या मी बंद केल्या. बसल्याबरोबर विचारतो, आज कोणाला बोलायचं आहे? बहुतेक वेळा कोणालाच नसतं. तरी पोहे लगेच मागवत नाही, थोडा वेळ तसेच बसतो.